जामच्या चौकातले पेढे

मु. पो. वडनेर, ता. हिंगणघाट
तारीख : पत्र पूर्ण झालं का टाकतो

प्रिय मित्र प्रभाकर यास पुंडलिकचा वडनेरहून प्रेमाचा नमस्कार.

इकडे आम्ही सारे बरे आहो, तिकडे तुम्हीही बरे असान. माहा उजवा गुडघा दुखून राह्यला. डॉक्टरनं दोन गोळ्या लिहून देल्ल्या अन दोनातली कोणतीही एक घ्या म्हणे, तवापासून एकही घेणं झालं नाई. सुमित्राचा बीपी वाढला आहे, अन तो माह्याच्यानं वाढला असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते. वांगे चांगले निघून राह्यले, भेंडीवर मात्र माव्याची कीड आली. तुही शुगर कशी आहे? वहिनीच्या डोळ्याचं झालं का? धीरज दुकानात टायमावर बसते ना? (हे सहज विचारलं. यातून काही अर्थ काढजो नको.)

आता आधी कामाची गोष्ट, कारण ती या पत्राच्या आधी तुह्यापर्यंत पोचली असन अशी मले धास्ती आहे. मागच्या शुक्रवारी नाई तर शनिवारी एखादा ट्रकवाला तुह्या दुकानासमोर थांबून, 'मुबारक हो सेठ, लडकीवालों का हाँ है' असं म्हणला असन (उंचपुरा, मिशाले मेहंदी लावलेली, गळ्यात हिरवा गमछा), तर त्याले चहा पाजजो, पण त्याचं बोलणं खरं धरजो नको. तसंच खोटंही धरजो नको. हे पत्र शेवटपर्यंत वाचजो, मंग काय धराचं ते धरजो. माणूस सज्जन आहे. त्याची चूक एवढीच का त्यानं माह्या हातचे तीन पेढे खाल्ले.

मी तुले 'तू' काऊन लिहून राह्यलो तेही सांगून टाकतो. हिंगणघाटच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो, तवा तू-मीच होतं. पण व्याही झालो तर 'तुम्ही' म्हणा लागते, अन आतापासून 'तुम्ही' लिहिलं तर तू म्हणशीन पुंडलिकचं ठरलं, अन लगेच बँडवाल्याच्या घरी जाऊन बसशीन. (तू घाईचा माणूस आहे. दहावीच्या पेपरात प्रश्न वाचायच्या आधी उत्तर लिहत होता.) म्हणून तूर्त 'तू'. फोनवर बोललो असतो, तुहे अकरा फोन येऊन गेले, वाजतानी मी सारेच्या सारे पाह्यले. पण फोनची खोड अशी आहे का समोरचा विचारते अन आपल्याले तिथल्या तिथं बोला लागते. पत्रात माणसाले फुरसत भेटते.

तुही बाजू बराबर आहे, मी कुठी नाई म्हणतो? तू वहिनीले घेऊन घरी आला, धीरजसाठी आमच्या गुंजनले मागणी घातली, जातानी पेढ्यांचा डबा ठेवला अन आठ दिवसात कळवजो म्हणून सांगतलं, कारण आर्वीचे पाहुणेही तुह्या मागे लागले आहे अन त्याईले तू किती थांबवून ठेवशीन. आज चौदावा दिवस आहे. मले मोजता येते. पण पोरगी द्याची म्हणजे काही वांग्याचं रोप नाई का या वाफ्यातून काढलं अन त्या वाफ्यात लावलं. (रोपाचंही मी असं झटपट करत नाई. मागच्या साली पत्ताकोबी लावू का फुलकोबी, या विचारात दोन्ही रोपं एवढे वाढले का शेवटी बकऱ्याईनं फैसला केला.)

आता तो डबा. आपल्याकडे पेढे खाल्ले का होकार झाला, अन डबा तसाच वापस गेला का नकार झाला, हे तुले मी सांगाची गरज नाई. मी दोन्ही केलं नाई. डबा फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्याच्या मागं सरकवला अन घरात जाहीर केलं का माह्या हुकमाशिवाय कोणी झाकण उघडाचं नाई. मले वाटलं, मामला थंडा राहीन. पण दुसऱ्याच दिवशी शेजारची भागीरथाकाकू विरजण मागाले आली, सुमित्रानं दही काढलं, अन मागचा डबा काकूच्या नजरेत भरला. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात झालं का पुंडलिकरावच्या घरी पेढे येऊन पडले अन खाऊन नाई राह्यले. लोक रस्त्यात थांबवून विचारत, 'उघडला का भाऊ?' अरे बाप्पा, मी लंगडत चाललो तर गुडघ्याचं कोणी विचारत नाई, डब्याचं विचारते!

त्यात घरातच खुफिया पोलीस. गुंजन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले आहे, मानसशास्त्र घेऊन. तिले कॉलेजातून प्रकल्प भेटला का माणूस निर्णय कसा घेते अन कसा टाळते. बाकीच्या पोरी अभ्यासाले बाजारात गेल्या, बस स्टँडवर गेल्या, आमची कुठीच गेली नाई. तिले नमुना घरीच भेटला. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर लिहिलं 'व्यक्ती पु., वय ५७, व्यवसाय भाजीपाला', अन मी आधी आंघोळ करू का आधी चहा पिऊ असा उभा असलो का ही पेन काढते. जेवतानी मले शिकवते का बाबा, काही चुकीचं होऊन पस्तावा लागन याचं भेव माणसाले एवढं असते का तो काहीच करत नाई, पण काहीच न करणं हाही एक निर्णयच असते. मी म्हणलं, मंग तर मी रोज उठून निर्णय घेऊन राह्यलो, मले उगीच बदनाम काऊन करता? तेही तिनं लिहून घेतलं. चपलेचंही लिहून घेतलं. (दोन वर्षांआधी हिंगणघाटच्या बाजारात मले एक काळी चप्पल आवडली अन एक भुरकी. दुकानदार म्हणला, एका पायात ही घाला, एका पायात ती, चार पावलं चालून पाहा. पैसे देऊन झाले होते, फक्त कोणती ते राह्यलं होतं. चालता चालता मले वडनेरची बस लागलेली दिसली. अजूनही मी तोच जोड घालतो, अन तो बिचारा उरलेला जोड घेऊन बसला असन. पण चप्पल चावली का? नाई ना, मंग!)

बरं, मी हातावर हात ठेवून बसलो असंही नाई. कृषी केंद्रवाल्या कैलासले विचारलं, तो म्हणला पोरगा पाहू नका, त्याच्या घरचं पाणी पाहा. न्हावी म्हणला तुहं कारंजा लांब पडते, त्याच्या बहिणीले लांब देल्ली तर ती अजून रुसून आहे. वायरमन म्हणला ट्रकच्या पार्टचं दुकान म्हणजे बेफिकीर, ट्रक काही बिघडाचे थांबत नाई. ज्याले विचारलं तो आपलीच कथा सांगते, अन घरी येईपर्यंत माह्या डोक्यात साऱ्या गावाचा विचार, माहाच तेवढा नाई. शेवटी शाळेतले अश्वजित गुरुजी म्हणले, कागदाच्या मधात रेघ मारा, इकून फायदे लिहा, तिकून तोटे, जिकडं जास्त तिकडं जा. मी बसलो. फायदे नऊ, तोटे नऊ. म्हणलं एखादा राहून गेला असन, म्हणून अजून डोकं लावलं, तर दोन्हीकडं सतरा-सतरा. ('पोरगा जास्त बोलत नाई' हे मी दोन्हीकडं लिहिलं होतं.) गुरुजी म्हणले, आता मनाले विचारा. मी म्हणलं, मनालेच विचाराचं होतं तर एवढा कागद कायले खराब करवला?

मंग देवासमोर चिठ्ठ्या टाकल्या. सुमित्रा म्हणे दोनच टाका, हो अन नाई. पण देवाले असं कोंडीत पकडणं मले बरं वाटलं नाई, त्यालेही थोडी मोकळीक पाह्यजे. म्हणून 'हो', 'नाई', 'पाहू', 'अक्षय्य तृतीयेनंतर', 'आधी पत्रिका', 'गुंजनच्या मामाले विचारा' असं करत करत अकरा चिठ्ठ्या झाल्या. बाराव्या कागदाचं काय करावं, वाया जाऊ नये म्हणून त्यावर 'पुन्हा चिठ्ठ्या टाका' असं लिहिलं. भागीरथाकाकूच्या नातीनं हात घातला अन नेमकी तीच काढली. पुन्हा टाकल्या. पुन्हा तीच! तिसऱ्या खेपेले सुमित्रा उठली, साऱ्या चिठ्ठ्या गोळा केल्या अन चुलीत घातल्या. म्हणे, देवालेही आपल्यासारखा करून ठेवला या माणसानं.

तवा मी ठरवलं (हौ, ठरवलं, हासजो नको) का स्वतः कारंजाले जातो, तुह्या दारात उभा राहतो, अन तिथं तोंडातून जे निघन ते उत्तर. डबा थैलीत घेतला. हो असलं तर तिथंच उघडू, नाई असलं तर तिथंच वापस देऊ, म्हणजे दारापर्यंत काही ठरवाची गरज नाई. शुक्रवारी सकाळी सातची बस पकडली अन जामच्या चौकात उतरलो. आता जामवरून कारंजाले जायाले दोन रस्ते, एक नागपूरवरून अन एक वर्धा-आर्वीवरून. तू म्हणशीन त्यात काय, जी बस आली तिच्यात बसा. तसं नसते ना राजा. नागपूरकून हायवे चांगला, पण बस बदला लागते. वर्ध्याकून गेलं तर आर्वी लागते, अन आर्वीत तुमचे ते दुसरे पाहुणे राहते. ते मले ओळखत नाई, मी त्याईले ओळखत नाई, पण नजरानजर झाली असती तर? नागपूरची बस आली, म्हणलं खिडकी खाली नाई. वर्ध्याची आली, म्हणलं नागपूरची आता येतच असन. असे साडेदहा वाजले. चहावाल्याच्या बाकावर माहे चार चहा अन दोन आलुबोंडे झाले होते, अन तो मले 'काका, इथंच राहता का' असं विचारून चुकला होता.

ऊन तापलं, डबा मांडीवर. मले शंका आली का पेढे बिघडले तर नसन? बिघडलेले पेढे कोणाच्या दारात घेऊन जाणं शोभत नाई. म्हणून एक खाऊन पाह्यला. हे खाणं नाई प्रभाकर, ही तपासणी. चांगला होता. पण वरच्या एका पेढ्यावरून साऱ्या डब्याचं काय सांगावं, म्हणून तळातला एक तपासला. तेवढ्यात पाहतो तं चहावाला पाहून राह्यला. आता आपल्याकडच्या माणसानं डबा उघडावा अन समोरच्याले देऊ नये, असं झालं आहे का कधी? त्याले देल्ला. बाजूच्या बाकावर दोन ट्रकवाले होते, एस.टी.चा कंडक्टर आला, चंद्रपूरच्या गाडीची वाट पाहत एक म्हातारी बाई बसली होती, साऱ्याईसमोर डबा फिरला. अन कोणी पेढा देल्ला तर आपला माणूस तो असाच तोंडात टाकते का? आधी विचारते. कंडक्टरनं पेढा ओठाजवळ धरला अन म्हणला, 'कायचे पेढे, भाऊ?' अन माह्या तोंडातून निघून गेलं, 'पोरीचं जमलं.'

खरं सांगतो, मीच दचकलो. कोण बोललं म्हणून मागं वळून पाह्यलं, तर मागं फक्त पंक्चरवाल्याची टपरी. पण आता बाण सुटला होता. साऱ्या चौकानं अभिनंदन केलं, त्या बाईनं माह्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडले. पोरगा काय करते म्हणले, मी म्हणलं स्वतःचं दुकान आहे, शांत पोरगा, सुपारीचंही व्यसन नाई, अन घरचे लोक तर सोन्यासारखे. सतरा तोटे लिहिले होते, त्यातला एकही आठवला असन तर शपथ! कुठचा म्हणले. कारंजाचा. तसा तो मिशीवाला ट्रकवाला उठला, म्हणला, हायवे पे जो पार्ट की दुकान है, प्रभाकर सेठ की? अरे, मैं तो उधर ही जा रहा हूँ, बोल देता हूँ! मी 'नका, नका' करत मागं धावलो, पण गुडघा हा असा. तो तिसरा पेढा तोंडात टाकून, हॉर्न वाजवून गेलाही. मी घाबरून जी बस दिसली तिच्यात चढलो, पाटी पाह्यली नाई, अन ती हिंगणघाटची निघाली.

घरी आलो, डबा रिकामा. सुमित्रानं विचारलं, काय झालं? मी म्हणलं प्रभाकर घरी नव्हता. (हे खोटं होतं. तुले लिहून टाकलं, आता मोकळा झालो.) मंग पेढे कोणी खाल्ले, म्हणे. मी म्हणलं, मले चक्कर येऊन राह्यली, अन जाऊन झोपलो. उठलो तर खाटेच्या बाजूले गुंजनची वही पडली होती. वाचावी का नाई वाचावी यात अर्धा घंटा गेला, मंग वाचली. एका पानावर तिनं यादी केली होती, 'पु. यांनी ज्यांना विचारलं त्या व्यक्ती'. कैलास, न्हावी, वायरमन, गुरुजी, भागीरथाकाकू, काकूची नात, दूधवाला, ज्याच्या बकऱ्याईनं रोपं खाल्ले तो, देव. एकतीस नावं होती, अन प्रत्येक नावासमोर बरोबरची खूण. बत्तिसावं नाव होतं गुंजन. त्याच्यासमोर खूण नव्हती.

मी त्या जागेकडं पाहत बसलो. न्हाव्याले विचारलं, काकूच्या नातीले विचारलं, अन जिचं लग्न तिले नाई! मले लय लाज वाटली, प्रभाकर, हे लिहितानीही वाटून राह्यली. तसाच उठून मागच्या अंगणात गेलो. गुंजन बाजारासाठी वांगे निवडून राह्यलती, किडके इकडं, चांगले तिकडं, तिचा हात एकाही वांग्यावर अडत नव्हता. म्हणलं, बाई, तुले धीरज पसंत आहे का? तिनं मान वरही केली नाई. 'हो,' म्हणे. मी म्हणलं, एवढ्या लवकर नको, एखादा दिवस विचार कर. तर म्हणे, 'केला ना बाबा. तुमच्या आधीच केला.' मंग सांगतलं काऊन नाई? 'तुम्ही विचारलं कुठी?' असं म्हणली अन हातातलं वांगं खाली ठेवलं. दहा दिवस ही पोरगी फ्रीज उघडे, तो डबा पाहे, अन दही काढून झाकण लावे. तिले वाटलं होतं बाबाचा नकार आहे, फक्त सांगाले जीव होत नाई. ती रडली, मीही तिथंच टेकून रडलो, अन सुमित्रा आतून ओरडली का रडा पण वांग्यावर बसू नका.

तर हे पत्र त्यासाठी आहे. आमच्याकडून हो आहे. पक्कं. आर्वीवाल्याईले आजच कळवून टाकजो, हात जोडून सांगतो. ट्रकवाला खरं बोलला, फक्त माह्यापेक्षा चार दिवस आधी बोलला. आता मले वाटते, माहं पहिल्या दिवशीच ठरलं होतं, फक्त मलेच कोणी कळवलं नाई. उशिराबद्दल मनात राग ठेवजो नको, पोरीवर तर बिलकुल नको. वहिनीले नमस्कार, धीरजले आशीर्वाद.

तुहा व्याही (लिहून टाकलं!)
पुंडलिक

ता. क. साक्षगंधाची तारीख तूच काढजो. रविवार चांगला, पण सोमवारही वाईट नाई. मांडव आमच्या अंगणात टाकू का हिंगणघाटले हॉल घेऊ, अन जेवणात वांग्याची भाजी करू का पाटोडी, हेही तूच कळवजो. मले दोन्ही चालते.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे एवढं लांब पत्र यासाठीच लिहिलं, पण वर लिहाले संकोच वाटला. एक डबा पेढे अजून पाठवजो. घरच्या एकाही माणसाच्या तोंडात पेढा गेला नाई, साऱ्या जामनं खाल्ला, अन घरचे खाल्ल्याशिवाय आपल्याकडे होकार झाला असं कोणी धरत नाई. भागीरथाकाकू तर रोज विचारते. यावेळी अर्ध्या किलोचाच पाठवजो, जास्त असले का माणूस विचार करत बसते.

ता. क. तिसरा. (हे मी सुमित्रा लिहून राह्यली.) भाऊजी, नमस्कार. हे पत्र गुंजनच्या बाबानं पोस्टाच्या पेटीपर्यंत दोनदा नेलं अन दोनदा वापस आणलं, म्हणून आता मीच टाकते. तो ट्रकवाला शुक्रवारी दुपारीच तुमच्या दुकानी पोचलता. तुम्ही जेवाले गेलते, गल्ल्यावर वहिनी होत्या. त्याईनं त्याच घंट्यात आर्वीच्या पाहुण्याईले नाई कळवलं अन मले फोन केला. साक्षगंध बावीस तारखेले, रविवारी, आमच्या अंगणात आहे. आचाऱ्याले सांगून झालं, मांडववाल्याले सांगून झालं. दोघी तुम्हाले सांगणारच होतो, पण याईचं पत्र लिहणं चालू होतं, म्हणलं होऊ द्या. एकच विचारते, राग मानू नका. पोरीले विचारा लागते हे याईले दहा दिवसांनी कळलं. तुम्ही धीरजले विचारलं का? गुंजन म्हणते, तुमच्याकडेही त्याले कोणी विचारलं नाई. तिनंच विचारून घेतलं, दिवाळीत. त्याचं हो आहे. तुमचं दोघा व्याह्याईचं ठरलं का तुम्हीही येजा.